हलगीवाल्याची पत्रिका

डोंगरकडेच्या आमच्या गावात एकही लग्न त्याच्या हलगीशिवाय लागत नाही आणि एकाही लग्नाची पत्रिका त्याच्या घरी जात नाही. सुपारी दिली की झालं. नाव मलाही माहीत नाही. सगळे हलगीवालाच म्हणतात.

वाजवण्याआधी तो मांडवाबाहेर उकिडवा बसून जाळ करतो, हलगीचं कातडं शेकतो आणि टिचकी मारून कान देतो. जाळाला उरलेल्या पत्रिका द्यायचा रिवाज आहे. पुतण्याच्या लग्नात तो गठ्ठा मी दिला. एकेक पत्रिका जाळात टाकत तो म्हणाला, "घरी कधी आली न्हाई साहेब, पण हिची ऊब दर लग्नात भेटत आली."

ते मला लागलं. मुलीचं लग्न ठरल्यावर मी स्वतः, चारचौघांना दिसेल अशा बेतानं, त्याच्या दारी गेलो. हळदकुंकू लावलेली पत्रिका दोन्ही हातांनी दिली. म्हणालो, "सहकुटुंब यायचं."

त्यानं पत्रिका उलटसुलट केली, बोटांत वाकवून जाडी बघितली.

"कागद बरा हाये," तो म्हणाला. "पण एकीत हलगी तापत न्हाई. अजून धा-बारा द्या."