दगडाने प्यायलेलं तेल

आमच्या हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये दगड चाटणारा एकच माणूस होता, आणि माझं शिक्षण त्याच्यावर अवलंबून होतं. भूशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी एकदा आपटले होते. "परत नापास झालीस तर मामाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायची," असं पप्पांनी जाहीर केलं होतं. मामाचं दुकान उल्हासनगरात, आणि मामा पप्पांपेक्षा कडक. म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरच्या जीभकाकांकडे शिकवणीला जाऊ लागले.

काकांची सगळी नोकरी एका तेल कंपनीत, खोल जमिनीतून काढलेले दगड तपासण्यात गेली. कोरडा दगड ते आधी जिभेला लावत. चिकटला, तर आत बारीक पोकळ्या आहेत आणि तो जिभेचं पाणी ओढतोय. नाही चिकटला, तर आतून बंद. "मशीन दोन दिवसांनी सांगतं, जीभ लगेच सांगते," असं ते ऐटीत म्हणत.

आमच्या बदलापूरच्या काळ्या दगडावर त्यांचा राग होता, कारण तो जिभेला कधी चिकटतच नसे. तरी सवय जाईना. चिखलोलीला नव्या इमारतीचा पाया खणत होते, तिथे काकांना दगड चाटताना वॉचमनने पाहिलं. म्हातारा उपाशी आहे असं वाटून त्या भल्या माणसाने आपला वडापाव पुढे केला. काकांनी तो खाल्ला, तोंड पुसलं आणि पुढचा दगड उचलला.

शिकवणीला पुस्तक नसे, काकूंचा लाडवांचा डबा असे. काका म्हणाले, "हे लाडू सारखे आहेत म्हणून मधे फटी राहिल्यात. वरून बारीक शेव ओतलीस तर फटी गेल्या. नदी वाळूबरोबर चिखलही आणते. किनाऱ्यावरच्या लाटा तो चिखल धुऊन लांब नेतात, सारखे कण मागे ठेवतात. लाखो वर्षं दडपून त्याचा वालुकाश्म होतो, आणि त्या फटींत तेल साठतं."

"आणि फटींत पाक शिरून घट्ट झाला तर?"

"तर दगड दिसायला देखणा, कामाला शून्य. शिकलीस! घे, एक लाडू खा."

काकूंना वेगळीच काळजी होती. ओट्यावरच्या बाटलीतलं तेल कमी होत होतं आणि संशय काकांवर होता, कारण डॉक्टरांनी त्यांचं तळण बंद केलं होतं. एक दिवस काकांनी बाटलीखालचा दगड उचलून सवयीने जिभेला लावला. तो चिकटेना. नोकरीतून आणलेला त्यांचा सगळ्यात लाडका दगड, किनाऱ्याच्या वाळूचा वालुकाश्म! काकूंना तो बाटली ठेवायला बरा वाटला होता, आणि बाटली बुडाशी झिरपत होती.

"अगं, तेल यानेच प्यायलं! पोकळ्या भरल्या म्हणून चिकटत नाही," काका आनंदाने ओरडले.

"दगडाने तेल प्यायलं? उद्या सांगाल, कुकरने भात खाल्ला," काकू म्हणाल्या. काकांचं तळण बंदच राहिलं.

परीक्षेत बाईंनी दोन वालुकाश्म पुढे ठेवले. एक चकचकीत, एक मळकट. तेल कशात साठेल? भिंगातून मला काही कळेना. मामाचं दुकान डोळ्यांपुढे आलं. बाई पाणी प्यायला वळल्या आणि मी दोन्ही दगड चाटले. दुसरा जिभेला असा चिकटला, की बाई वळल्या तेव्हा तो माझ्या तोंडातच होता.

"हा, मॅडम," मी तो सोडवत म्हणाले.

बाईंनी तो दगड रुमालाने उचलून बाजूला ठेवला. "बरोबर. पण आधी पुसून तरी घ्यायचा. कालपासून बावीस जणांनी हाताळलाय."

पास झाल्याचं सांगायला मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेले. काकांनी मार्क विचारलेच नाहीत. "चव कशी होती?" एवढंच विचारलं.

गेल्या वर्षी काका गेले. मी आता दगडांचीच नोकरी करते आणि मला त्यांची फार आठवण येते. तेराव्यानंतर काकूंनी तो ओट्यावरचा दगड माझ्या हातात ठेवला. "बघ गं, अजून आहे का त्यात?"

मी तो जिभेला लावला. चिकटला नाही. काकूंच्या फोडणीचा वास आला.

"आहे, काकू."

"म्हणजे खरंच यानेच प्यायलं होतं," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "आणि मी त्यांना शेवटपर्यंत एक भजी दिली नाही गं."