फुकट वाटलेल्या फ्लॉप्या

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आठवून आजही हसू येतं ते एकाच प्रकरणाचं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझी नेमणूक सावद्याच्या भागात होती. आमचा एक खबऱ्या एरवी पत्त्यांच्या अड्ड्यांची बातमी आणायचा. त्या दिवशी कानाशी लागून म्हणाला, "साहेब, गावात एक मुलगी चोरीच्या फ्लॉप्या वाटते. तेही फुकट!" चोरीचा माल फुकट वाटणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता.

पाठोपाठ जळगावच्या एका कॉम्प्युटर दुकानदाराची तक्रार आली. केळीचं वजन करून त्यातून दांड्याची घट वजा करणारा प्रोग्रॅम आपला आहे, ही मुलगी त्याच्या नकला वाटते, असं त्याचं म्हणणं. सोबत कॉपीराइटच्या नोंदणीचा दाखला. कायद्यात कैदेची तरतूद होती. आम्ही पंचनामा करून मुलीचा कॉम्प्युटर ताब्यात घेतला.

मुलगी केळीच्या व्यापाऱ्याची, कॉलेजात हंगामी नोकरीला. गुन्हा दाखल झाला तर नोकरी गेलीच, असं प्राचार्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. जबाब देताना तिचा शब्द फिरला नाही.

"साहेब, वडिलांच्या काट्यासाठी मीच लिहिला. मग ज्याने मागितला त्याला दिला, आतल्या सगळ्या लिखाणासकट. वापरा, बदला, पुढे द्या, म्हटलं."

"त्यावर तुझं नाव कुठे आहे?"

"नाव कशाला, साहेब? ओळखीतच तर वाटला."

इथेच घोडं पेंड खात होतं. तिची आई साक्रीकडची, अहिराणी बोलणारी. ती पदर खोचून पुढे आली. "साहेब, केळीना मुनवा शेजारीले दिधा तर पोलीस येतस का?" केळीचा कोंब शेजाऱ्याला देताना त्यावर नाव कोण कोरतं? पण दाखला तर दुकानदाराच्या नावाचा होता.

मी मुलीला चहा पाजला आणि विचारलं, "तुझ्याशिवाय कुणाला माहीत नसेल असं त्या प्रोग्रॅममध्ये काही आहे का?" ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "दुकानदाराने यंदाच्या आखाजीनंतर नक्कल नेलीय ना? मग त्यांच्याच कॉम्प्युटरवर पुढच्या आखाजीची तारीख घालायला सांगा." आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, लेकींचा झोक्याचा सण.

दोन पंच आणि आमचे हवालदार यांना घेऊन मी दुकानात गेलो. आधी विचारलं, "यातली ओळ न् ओळ तुमची?" दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "ओळ न् ओळ!" मग त्याच्याच हाताने तारीख बदलून घेतली. प्रोग्रॅम सुरू झाला आणि थांबला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत दोन वाक्यं उमटली. हवालदारही साक्रीकडचेच. त्यांनी ती खणखणीत वाचली : "आज आखाजी शे. बठ्ठं काम बंद."

दुकानदार घाईने पडदा झाकत म्हणाला, "साहेब, हा व्हायरस आहे!"

हवालदार म्हणाले, "व्हायरसले अहिराणी कशी येस, भाऊ?" पंचसुद्धा हसले.

खुलासा मुलीने नंतर केला. आखाजीला साऱ्या लेकी झोक्यावर, आणि हिला मात्र वडील काट्यावर बसवायचे. म्हणून त्या दिवशी बठ्ठं, म्हणजे सगळंच काम बंद पडावं, अशा बेताने तिने पुढच्या कित्येक आखाज्या पंचांग बघून आत घालून ठेवल्या होत्या. प्रोग्रॅम विकणाऱ्याने तो कधी उघडून वाचलाच नव्हता.

दुकानदाराने तक्रार मागे घेतली. खोट्या तक्रारीबद्दल मी त्याला सोडणार नव्हतो, पण मुलगीच म्हणाली, "विकू द्या त्यांना. फक्त नक्कल होऊ नये म्हणून प्रोग्रॅमला घातलेलं कुलूप काढा आणि माझं नाव लिहा." मला तिचा अभिमान वाटला. नोकरी टिकली, कॉम्प्युटर परत गेला. देणाऱ्याने सढळ हाताने द्यावं, पण देताना नाव आणि अट लिहावी; कायद्याला मन वाचता येत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. तेव्हापासून अशा तक्रारीत दाखल्यावरचं नाव वाचून मी थांबलो नाही.

पुढच्या आखाजीला पत्त्यांचे अड्डे तपासत मी त्या गल्लीतून गेलो. वडील काट्यापाशी कपाळाला हात लावून बसले होते. दुकानदाराकडून प्रोग्रॅम विकत घेतलेल्या शेजारच्या व्यापाऱ्याचाही काटा थंड होता. समोरच्या निंबाच्या झोक्यावर मायलेकी उभ्या होत्या आणि झोका पार फांदीला भिडत होता.


आई वरूनच ओरडली, "साहेब, आज बठ्ठं बंद शे!"