देवमनभाऊंचा बर्फ

चौदा वर्षं भावना अमरावतीच्या त्या प्रयोगशाळेत एकच काम करत आली होती. रक्तातल्या पांढऱ्या, रोगाशी भांडणाऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि त्या किती प्राणवायू ओढतात, किती ताकद कमावतात, ते यंत्रावर मोजायचं. "दिसभर काय मोजत राह्यतं वो तू?" सासू विचारायची. काय सांगणार, कप्पाळ! संध्याकाळी पाठ मात्र मोडून यायची.

त्या मे महिन्यात तिचे डोळे अकोटच्या माणिकबाईंच्या रक्ताच्या तिसऱ्या नमुन्याकडे लागले होते. म्हातारी टीबीतून उठलेली. औषध सुरू होताना, मध्ये आणि संपल्यावर, असं तीनदा मोजायचं होतं. तिसरं हुकलं की आधीची दोन पाण्यात, आणि मुदत उद्या संपत होती. बाईंची शीर सापडता सापडत नाही, दोन्ही वेळा हात काळानिळा झालेला. "तुमच्या पेशी किती खातात, किती दम धरतात, तेवढं पाहते. हे शेवटचं, मावशी," असा शब्द भावनाने दिला होता.

रक्त घेऊन आले देवमनभाऊ, अकोटच्या दवाखान्यातले जुने शिपाई. उभा जन्म त्यांनी लशींचे डबे वाहिले. घामाने निथळत, एसटीत डबा मांडीवरून खाली न ठेवता ते आले. भावनाने झाकण उघडलं. आत बर्फच बर्फ.

"दर्यापूरले नवा टाकला, ताई. उनात नासलं असतं ना!"

लशीला बर्फ लागतो, या पेशींना तो सोसत नाही. तरी तिने मोजून पाहिलं. यंत्रावरची रेघ उठलीच नाही.

"मंग म्याच मारल्या का?" देवमनभाऊंचं तोंड एवढंसं झालं.

भावनाला संताप आला, पण काढणार कोणावर? डब्यावर 'बर्फ नको' ही सूचना तिनेच चिकटवली होती, तीही इंग्रजीत. तोंडाने सांगायचा कंटाळा केला होता.

"तुमी नाही, भाऊ. मी."

तिने माणिकबाईंना फोन लावला. पुन्हा सुई, तीही उद्याच.

"शब्द देल्ला होता तू."

"हो, मावशी. चुकलं माझं."

"येजो. पण तूच येजो, दुसऱ्याले धाडू नको." मग म्हातारीने विचारलं, "माह्या पेशी किती खातेत ते मोजून राह्यली. तू काय खाल्लं आज?"

साडेचार वाजले होते. जेवणाचा डबा सकाळपासून पिशवीतच होता. भावनाला रडू आवरेना.