केळीला लावलेला बांबू

प्लासिडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या म्हशीत जवळजवळ राहायलाच गेला होता. हात खांद्यापर्यंत आत, गाल तिच्या पुठ्ठ्यावर टेकलेला, डोळे मिटलेले. आणखी पाच मिनिटांत गमबूटही आत जातील आणि बाहेर फक्त टोपी उरेल, अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात त्याने डोळे उघडून सांगितलं, "तीन महिन्यांची गाभण आहे."

सरकारी दवाखान्यातला हा माणूस गिरीज गावच्या वाड्या-वाड्यांतून गुरं तपासत फिरे. त्याची पद्धत ठरलेली. म्हैस दोन माडांच्या मध्ये उभी करायची, मागून आडवा बांबू बांधायचा, मगच हात घालायचा. बांबूशिवाय तो म्हशीला नमस्कारही करत नसे. मी त्याला 'बांबू डॉक्टर' म्हणायचो. तो हसायचा आणि गाठ पुन्हा ओढून बघायचा.

गेल्या वर्षी तो आला तेव्हा बांबू जागेवर नव्हता.

"भाऊ, बांबू कुठंय?"

"केळीला टेकू दिलाय. काढला तर घड पडेल. मी शेपूट धरतो ना."

"शेपूट धरून म्हैस थांबते होय? मग रिक्षाला ब्रेक कशाला, मागून शर्ट धरायचा."

"अरे, वीस वर्षं झाली, अजून घाबरतोस?" ओट्यावर बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने मी म्हणालो. बायका हसल्या. प्लासिडने हातमोजा चढवला.

म्हैस मागे सरली आणि गर्रकन वळली. त्याचा हात आतच होता. खांदा माडावर आदळला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. शेपूट माझ्या हातातून कधीच सुटलं होतं.

इस्पितळात त्याच्या साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चूक माझी. बांबू नसताना हात घातला." मी शेजारीच चहाचा थर्मास धरून उभा होतो. तोंड उघडायला तेवढी एक संधी होती. मी कपात चहा ओतला. वेळेवर रिक्षा आणली म्हणून त्याची बायको रीटा माझेच आभार मानत होती.

पुढे घड पिकला. दोन फण्या त्यांच्याकडे पाठवल्या. केळी गोड होती, असा निरोप आला.

प्लासिडचा उजवा हात आता छातीच्या वर जात नाही. तो दवाखान्यात केसपेपर लिहितो.