कापूस वेचणीतलं पहिलं मतदान

मास्तर लोकांकडे किस्से खडूच्या भुकटीसारखे साठतात. कितीही झटका, बाहीला थोडे राहतातच! त्यातून बावन्न सालची पहिली निवडणूक म्हणजे विचारूच नका. धुळ्यापासून तीन कोसांवर आमचं गाव, मतदान शाळेतच, आणि पोलिंग ऑफिसर आमचे हेडमास्तर नाना. त्यांच्या हाताखाली आम्ही तिघे मास्तर. कोट चौघांचेही उसने!

*

ऐन कापूस वेचणीचे दिवस. मजुरी वजनावर, त्यामुळे रांगेत उभं राहिलं की मजुरी बुडाली. "बायका काही येत नाहीत," अशी पैज आमच्यातल्या एकाने लावली.

दुपारी पाहतो तर चाळीसेक बायका हजर, आणि प्रत्येकीच्या ओटीत बोंडं! रांग पुढे सरकतेय, हात कापूस काढताहेत. शाळेच्या ओट्यावर टरफलांचा हा ढीग! शिपाई खराटा घेऊन धावला, तसे नाना गरजले, "राहू दे! असला कचरा रोज रोज होत नसतो!"

पैज हरलेल्या मास्तरांनी आम्हाला भजी खाऊ घातली.

*

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पेटीत मत टाकलं आणि थेट नानांना विचारलं, "आते कापूसना भाव कवय वाढी?"

नाना म्हणाले, "बाबा, निवडून आलेला माणूस पाच वर्षं काम करणार. जरा धीर धरा."

"पाच वरीसनं पीक?" बाबा विचारात पडले. "मंग राखन बी पाच वरीस करनी पडी!"

नागरिकशास्त्र शिकवताना नाना पुढे कायम या बाबांपासूनच सुरुवात करत.

*

एका श्रीमंत उमेदवाराने म्हाताऱ्या माणसांसाठी बैलगाड्या ठेवल्या होत्या. लांब मळ्यात राहणाऱ्या सोनाअक्का त्यातल्याच एका गाडीतून थाटात उतरल्या. मत दिलं, आणि भर उन्हात पायीच निघाल्या! मी म्हटलं, "अक्का, गाडी उभी आहे की!"

"मी तेले मत दिधं नहीं. आते तेन्ही गाडीमां कसं बसू?"

नानांनी कानांवर हात ठेवले. "अक्का, मत गुप्त असतं! सांगायचं नसतं!"

"मंग इचारतस कसाले?" असं म्हणून अक्का वाटेला लागल्या.

*

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल ठरतं ते पुढच्या अखाजीपर्यंत.

गावातले सर्वांत मोठे बागाईतदार आबा आपले चार सालदार घेऊन आले आणि नानांना म्हणाले, "ह्या चारीसना कागद मालेच द्या. सालदार मन्हा शेतस!"

"आबा, सालदार तुमचे असतील, पण मताचा कागद ज्याचा त्याच्याच हातात," नाना म्हणाले.

आबांनी चौघांत पुढे असलेल्या दगडूकडे पाहिलं. दगडूला ना शेत ना बैल, घरात तीन लेकरं. "दगडू, अखाजी दूर नहीं!"

दगडू कागद घेऊन पडद्याआड गेला. तेव्हा तिथे प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. बाहेर येताच आबांनी अडवलं, "कोनती पेटीमां टाकं?"

"आबा, सालमां वखर शे, मोट शे, गुरं शेतस. मत नहीं शे."

 मला अभिमान तर वाटलाच, पण त्याच्या लेकरांची काळजीही वाटली.

अखाजी आली. आबांनी दगडूला बोलावलं नाही. पण त्याच्या जागी गावातला दुसरा एकही गडी आबांच्या ओट्यावर चढेना! शेवटी आबांनी दगडूलाच निरोप धाडला, आणि करार लिहायला मला. मी लिहीत गेलो: धान्य, धोतरजोडी, घोंगडी, पायताण.

"गुरुजी, आखो लिखा," दगडू म्हणाला. "मतदानना दिन मन्हा."

आबा उसळले, "अरे, औंदा ते निवडणूकच नहीं शे!"

"नसू द्या. लिखा."

मी आबांकडे पाहिलं. आबांनी अडकित्त्यात सुपारी धरून कचकन फोडली.

"लिखा, गुरुजी!"