सायकलची सीट आणि मलाजखंडचा घाट

बालाघाटहून मलाजखंडला सायकलनं जायचं, हे खूळ माझ्या धाकट्या जावेचं. माझी मोठी बहीण तिकडे तांब्याच्या खाणीच्या कॉलनीत राहते. तिच्याकडे आम्ही नेहमी बसनं जायचो. गांगुलपाऱ्याच्या तलावानंतर बस घाटात वळायला लागली, की जाऊ खिडकीला नाक लावून म्हणायची, "दीदी, हा रस्ता सायकलनं उतरायले कसा लागन वो?"

"उतरायचं सोड, पहिले चढशीन कशी ते सांग," मी म्हणायची. पण मग कोर्टात टायपिंग करता करता माझ्याही डोळ्यांपुढं तो उतार यायचा. मी चाळिशी ओलांडलेली, ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. शाळा सुटल्यापासून दोघींनीही सायकलला हात लावला नव्हता. तरी एका दिवाळीत आम्ही हट्ट धरून दोन गिअरच्या सायकली घेतल्याच.

पहिली मोठी फेरी ठरली हट्टा गावच्या बावडीपर्यंत, म्हणजे तिथल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीपर्यंत. सकाळी निघालो तेव्हा राइस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास येत होता आणि आम्ही रिकाम्या रस्त्यावर पोरींसारख्या ओरडत होतो. बावडीच्या गार पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला, फोटो काढले. येताना मात्र रस्त्यातला एकेक खड्डा मला थेट हाडात लागायला लागला. लेगिंगची जाड शिवण जांघेत करवतीसारखी घासत होती. सीटवर आरामासाठी म्हणून मुद्दाम फोमचं जाड कव्हर चढवलं होतं, ते घामानं ओलं होऊन आणखीच काचत होतं. पण जाऊ पुढं गाणं म्हणत चालली होती. म्हटलं, हिला काही होत नाही, मग मीच काय रडू?

घरी येऊन अंगावर गरम पाणी घेतलं आणि मी किंचाळले.

"साप निघाला का वो?" सासूबाई बाहेरून ओरडल्या.

"नाही, पाणी जरा जास्त तापलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या लाकडी खुर्चीवर मी एका बाजूला कलून बसून टाइप केलं. सोबतच्यांनी विचारलं, "कमर दर्द है क्या?" मी मान हलवली. त्या जागेचं नाव घेऊन कोणाला सांगायचं, हे मला सुचतच नव्हतं. संध्याकाळी ताटं वाढली. मी उभ्यानंच जेवायला लागले, तर जाऊही ताट घेऊन भिंतीला टेकून उभी. सासूबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"काहून वो? आज बसाची मनाई हाय का?"

जावेनं माझ्याकडे पाहिलं. "दीदी, तुलेही?"

"मलेही," मी म्हटलं, आणि मग आम्ही इतक्या हसलो की तिच्या ताटातली डाळ सांडली. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी अजिबात लाज धरली नाही. "कातडं सोललं तर सोललं, त्यात लपवाचं काय?" म्हणाल्या. मग जावेनं कबूल केलं, की तिनं आदल्या दिवशीच डेटॉल लावलं होतं आणि अर्धा तास घरात नाचली होती.

तरी तिच्या एका फोडात पू झाला, तेव्हा आम्ही स्टेशनच्या बाजूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी फारच हळू आवाजात सांगत होते. बाई म्हणाल्या, "ज़ोर से बोलिए, शरीर का ही हिस्सा है." त्यांनी फोड तपासला, तो दाबायचा नाही म्हणून बजावलं आणि औषध दिलं. डेटॉल बंद, पावडर बंद. साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, न घासता टिपून कोरडं करायचं, घरात सैल सुती कपडे घालायचे, आणि जखम भरेपर्यंत सायकलला हात नाही. फोड वाढला किंवा ताप आला तर लगेच परत यायचं. "आणि सायकल सोडू नका," त्या म्हणाल्या. "सीट बदला. पुरुषांपेक्षा बाईच्या बसायच्या हाडांत अंतर बहुतेक जास्त असतं. हाडांना आधार मिळाला, तर पुढच्या नाजूक भागावर भार येत नाही."

त्या वाक्यानं मी एकदम चेतले. म्हणजे दोष आमच्या वयाचा नव्हताच!

बरं वाटल्यावर आम्ही अंगणात दुकान मांडलं. मोबाईलवर पाहून पुठ्ठ्याचा खोका फाडला, तो पायरीवर ठेवला आणि पाय उचलून त्यावर एकेक करून बसलो. उठल्यावर पुठ्ठ्यावर हाडांचे दोन खळगे उमटले. ते सीटवर धरून पाहिले तर खळगे सीटच्या बाहेर जात होते. तेवढ्यात नवरा आला.

"काय चालून राह्यलं हे?"

"नाप घेऊन राह्यलो," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या.

त्याला काही कळलं नाही, पण गोंदियाहून मागे रुंद आणि मधे खाच असलेल्या सीटा त्यानंच आणून दिल्या. जुन्या सीटचं नाक वर होतं, म्हणून सगळं ओझं पुढच्या भागावर यायचं, हेही तेव्हाच ध्यानात आलं. नवी सीट पाना घेऊन आम्ही सपाट बसवली. उंची अशी ठेवली की पायडल खाली गेलं की टाच त्यावर टेकली पाहिजे आणि कंबर डोलली नाही पाहिजे. फोमचं कव्हर काढून टाकलं. त्यात बूड रुतायचं आणि घासणं वाढायचं.

गादीच्या सायकल चड्ड्या मागवल्या. त्यांच्या आत दुसरं काही घालायचं नाही, असं वाचून जाऊ हबकली.

"काहीच नाही? दीदी, मले तर शरम वाटून राह्यली."

"शिवण असली की घासते. वरून कुर्ता हाय ना!"

सासूबाईंनी वाळत घातलेली चड्डी बोटांनी दाबून पाहिली आणि विचारलं, "यात उशी शिवली का वो?" पण नंतर त्या रोज आमच्या चड्ड्या स्वतः उन्हात घालायच्या. म्हणायच्या, ओलं कापड अंगाला नको.

मग आम्ही थोडं थोडं अंतर वाढवत गेलो. वैनगंगेच्या पुलापर्यंत, मग त्यापुढं. जांघेत व्हॅसलीन लावायचं, दर थोड्या वेळानं पायडलवर उभं राहून रक्त फिरू द्यायचं, घरी आलं की आधी कपडे बदलायचे. दर खेपेला उतरल्यावर एकमेकींना विचारायचो, "कसं हाय?" आणि "बरं हाय" ऐकलं की इतका आनंद व्हायचा, जणू परीक्षेचा निकाल लागला.

मलाजखंडला निघालो ती थंडीतली सकाळ होती. घाट चढताना मी दोनदा उतरले. जाऊ एकदाही नाही. वाटेतल्या उकवा गावात चहा प्यायलो. नंतर रस्ता साल वृक्षांमधून जो खाली सुटला, त्याचं वर्णन मला अजून जमत नाही. वारा कानांत शिरत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, जाऊ पुढं ओरडत होती, "दीदी, असाच लागते! असाच!" आम्ही पायडलवर उभ्या, ब्रेकवर बोटं.

बैहरच्या पुढं मला उजव्या जांघेत आग व्हायला लागली. मी पहिल्यासारखी असते तर दात खाऊन चालवत राहिले असते. त्या दिवशी मी सरळ थांबले. जावेनं ओढणी धरून आडोसा केला. पाहिलं तर घामानं ओल्या झालेल्या चड्डीला घडी पडली होती. दुसरी कोरडी घातली, व्हॅसलीन लावलं, थोडं चालले, पाणी प्यायले. पुन्हा बसले तर आग गेली होती! मी एवढ्या जोरात "गेली वो!" ओरडले, की बांधावरच्या म्हशीनं मान वर केली.

कॉलनीच्या फाटकाशी बहीण उभी होती. तिला वाटत होतं, आम्ही शेवटी बसनंच येऊ. तिनं आमच्या सायकली पाहिल्या, आम्हाला पाहिलं आणि रडायलाच लागली. आम्ही आधी अंघोळ मागितली, मग चहा. संध्याकाळी शेजारच्या बाया जमल्या. एकीनं बराच वेळ घुटमळून, पदराआडून विचारलं, "दीदी, इतना बैठे कैसे?" मी सगळं सांगितलं. हाडं, खाच, चड्डी, व्हॅसलीन, पाळीच्या दिवसांत पॅडची कड कशी काचते आणि ते लवकर कसं बदलायचं, सगळं. आवाज बारीक केला नाही. आधी त्या खिदळल्या, मग प्रश्नावर प्रश्न विचारायला लागल्या. एकीनं तर सायकलपाशी जाऊन माझ्या सीटवर हात फिरवून पाहिला.

सकाळी उठले तर बहीण अंगणात माझ्या सायकलवर बसलेली. पन्नाशीची, साडी खोचलेली. जावेनं मागून सीट धरली होती.

"सोडू का?"

"नको सोडू वो!"

जावेनं तोवर सोडलंही होतं. बहीण कॉलनीच्या रस्त्यावर डगमगत, सरळ होत, पुन्हा डगमगत निघाली आणि वळणावरून तिचा आवाज आला, "अवो, आता हे थांबवाचं कसं?"

आम्ही दोघी हसत तिच्यामागं धावलो.