बंद मशीनसमोरचा फोटो

तेव्हा त्या खोलीत आम्ही चौघं होतो. साहेब, नागपूरकडचे एक इंजिनियर, चष्मेवाल्या इंजिनियर ताई, आणि चहा-झाडूला मी. आज सकाळी नारायण पेठेतून जाताना मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून जळक्या राळेचा वास आला, आणि ती खोली जशीच्या तशी पुढं उभी राहिली. वायर चिकटवताना येतो ना, तो वास. घसा खवखवतो त्यानं, पण मला आवडतो. कितीतरी वर्षं माझ्या साडीला तोच यायचा. साहेब त्या एका खोलीला कंपनी म्हणायचे. मला हसू यायचं. कंपनी म्हणलं की भोंगा, गेट, सायकलींची रांग एवढंच मला ठाऊक. इथं दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि खिडकीतून दिसणारे शेजारणीचे वाळत घातलेले कपडे.

मी चौथी शिकलेली. मराठी वाचते, हळूहळू, बोट ठेवून. आमचे मालक मार्केट यार्डात हमाल होते. पाठीवरचं पोतं घसरलं आणि कंबर गेली. मग मी त्यांना धरून मोठ्या दवाखान्यात नेत राहिले. तिथं खिडकीपुढं तीन-तीन तास उभं राहायचं, आणि नंबर लागला की आतली बाई म्हणायची, "ही खिडकी नाही, पलीकडं जा." पलीकडं गेलं की वेळ संपलेली. मालक फरशीवर आडवे व्हायचे, लोक ओलांडून जायचे. ते गेल्यावर मी कामाला लागले. रडगाणं म्हणून नाही, चहा गाळता गाळता हे एकदा साहेबांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, "मावशी, पहिल्यापासून सांगा. आधी कुठं उभ्या राहिलात?" त्या सांगण्यातनं एक मशीन निघालं. दवाखान्याच्या दारातच उभं राहायचं, काचेवर बोट लावायचं, आणि कुठल्या खोलीत जायचं त्याची चिठ्ठी हातात.

साहेबांचा एक नियम होता. मशीनमध्ये काहीही नवं केलं की आधी मला त्याच्यापुढं बसवायचे. बाकीचे मागं उभे. अर्धा तास कुणी तोंड उघडायचं नाही. जो बोलेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. मी अडले की साहेब वहीत लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी मशीन बदललेलं असायचं. मला कुणी शिकवलं नाही कधी. मशीनलाच शिकवलं.

एकदा त्यांनी काचेवर पोटाचं चित्र टाकलं, आतल्या पोटाचं, पुस्तकात असतं तसं. मी आपली बघतेय. म्हणलं, "ही पिशवी कसली? औषधाची का?" नागपूरकरांना राहवलं नाही. "अहो मावशी, पोट होय नं ते! जेवता ना तुम्ही?" साहेब म्हणाले, "चला, चहा टाका." त्या माणसानं आलं इतकं घातलं की ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण ती पिशवी गेली. तिथं अख्खा माणूस आला, जिथं दुखतं तिथं बोट ठेवायचं. एवढं सोपं करायला त्यांना दोन महिने लागले. सोप्याला फार वेळ लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग साहेब गेले. आठ दिवसांचं दुखणं. मरायचं वय नव्हतं.

कंपनी मोठी झाली, नगर रोडकडं काचेच्या इमारतीत गेली. चष्मेवाल्या ताई बंगलोरला गेल्या. चहाला मशीन आलं, मला ठेकेदाराची निळी साडी आली. भिंतीवर साहेबांचा भला मोठा फोटो, खाली इंग्रजीत काहीतरी. रिसेप्शनच्या पोरीला विचारलं तर म्हणाली, "आजी, त्यात लिहिलंय, सगळ्यांसाठी सोपं करा." बरं झालं लिहिलंय, म्हणलं.

नवं मशीन आलं तेव्हा फरशी पुसताना मी चोरून बघितलं. आधी मोबाईल नंबर मागतं. मग मोबाईलवर आकडे येणार, ते टाकायचे. पाकिटातनं मोबाईल काढेस्तोवर काच परत पहिल्यासारखी. पुढं नुसती यादी. ऑर्थोपेडिक्स, गॅस्ट्रो. अक्षरं मराठी, शब्द कुणाचे कोण जाणे. तो चित्रातला माणूस काढून टाकलेला.

मी नव्या मोठ्या साहेबांना गाठलं. "मला अर्धा तास बसू द्या यापुढं."

"अहो मावशी, आता आपण पब्लिकला फॉर्म पाठवतो मोबाईलवर. खूप लोक भरतात."

"ज्यांना भरता येतो तेच भरत असतील ना, साहेब?"

"पॉइंट आहे," म्हणाले, हसले, आणि मीटिंगला गेले.

नागपूरकर तिथंच उभे होते. आता त्यांना स्वतःची केबिन आहे. मी म्हणलं, "तेव्हा बोलायला बंदी होती तर बोलत होता. आता कुणी धरलंय?" खाली बघून म्हणाले, "माझ्या हातात नाही नं आता, मावशी." वाईट माणूस नाही. म्हणूनच जास्त राग आला.

साहेबांच्या पुण्यतिथीच्या दिवशी मला बोलावणं आलं. नव्या मशीनपुढं बसवलं. म्हणलं, ऐकलं वाटतं. काचेवर बोट ठेवलं तर काळी. पिनच लावलेली नव्हती. "मावशी, बोट तसंच ठेवा, इकडं बघा," म्हणत रिसेप्शनच्या पोरीनं फोटो काढला. टाळ्या वाजल्या. मी उठून बादली घेतली.

गेल्या महिन्यात गुडघ्यासाठी त्याच मोठ्या दवाखान्यात गेले. दारात आमचं मशीन. शेजारी स्टुलावर ठेकेदाराचा एक माणूस, सगळ्यांसाठी तोच बटणं दाबतो. त्याच्यापुढं रांग, थेट फाटकापर्यंत. मी काचेला हात लावायला गेले तर ओरडला, "आजी, लांब! बिघडतं ते." पुढं एक म्हातारी नवऱ्याला भिंतीला टेकवून उभी होती. मी हात मागं घेऊन रांगेत गेले. माझ्यामागं उभं राहून कोण लिहून घेणार होतं?

साहेबांनी तो नियम कुठं लिहून ठेवला नाही. त्यांना वाटलं असेल, बघितलंय सगळ्यांनी, राहील. माणूस गेला की त्याचा फोटो राहतो, सवय राहत नाही. फोटोला रोज काही करावं लागत नाही ना.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला वाचता येतं. माझं एक काम करा. अशा मशीनपुढं कुणी म्हातारं अडलेलं दिसलं, तर त्याचं काम करून द्याच, पण आधी विचारा, "तुम्ही काय शोधत होता?" मशीनच्या बाजूला बारीक अक्षरात कंपनीचा फोन असतो. मला दिसत नाही तो. तुम्ही लावा, आणि त्या माणसानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत त्यांना सांगा.